शिलाई मशीन, मल्टीमीटर आणि आठवड्यातले दोन तास हवे आहेत

नमस्कार,

सोलापूरच्या पूर्व भागात बिडी कामगारांच्या वस्तीत आमचं महिला मंडळ आहे. मंडळाकडे पत्र्याची एक खोली, दोन पंखे आणि तीन शिलाई मशीन आहेत. या खोलीसाठीच मदत मागायला हे लिहीत आहोत.

आमच्या बहुतेक घरांची चूल बिडीवर पेटली. दारात बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं, भिजवलेलं तेंदूपान फर्म्याने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. हजार भरल्या की ब्रँचला, म्हणजे बिडी कारखान्याच्या शाखेला, नेऊन द्यायच्या. पान कमी पडलं तर पदरच्या पैशाने आणायचं, आणि नापास झालेल्या बिड्यांची मजुरी सोडायची. पाठ, डोळे आणि छाती यांचं काय होतं ते आमच्याकडे घरोघरी दिसतं. आपल्या मुलीच्या मांडीवर हे सूप येऊ नये, असं वाटत नाही अशी आई या वस्तीत सापडणार नाही.

शहरात गणवेश शिवणारे कारखाने आहेत, म्हणून आम्ही आधी शिवणवर्ग सुरू केला. मुली भराभर शिकल्या. मग काही जणींनी कापडी पिशव्या शिवून बाजारात विकायला सुरुवात केली. एक पिशवी ३० रुपयांना जायची आणि सगळ्या खूश होत्या. एके दिवशी खोलीतल्या फळ्यावर आम्ही हिशेब मांडला. कापड १८ रुपये, दोरा आणि बंद ३, वीज आणि रिक्षा मिळून ४. उरले ५ रुपये. एका तासात दोन पिशव्या व्हायच्या, म्हणजे तासाची कमाई १० रुपये. फळ्यासमोर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक अक्का म्हणाली, “कापड मीटरने कशाला घ्यायचं? कारखान्यातले तुकडे किलोवर मिळतात की.” त्या दिवसापासून शिवण आणि हिशेब आम्ही वेगळे शिकवत नाही. नुसती शिवण आली आणि स्वतःच्या वेळेची किंमत लावता आली नाही, तर बाई सुपावरून उठून मशीनवर बसते एवढंच.

कर्जाचंही तसंच. वस्तीत “शेकडा दोन”, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये व्याज, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. २०,००० रुपये बारा महिन्यांसाठी घेतले, व्याज पूर्ण रकमेवर धरलं, तर ४,८०० रुपये व्याज होतं आणि महिन्याचा हप्ता साधारण २,०६७ येतो. ऐकताना ते वर्षाला २४ टक्के वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, त्यामुळे खरा दर ४१ टक्क्यांच्या वर जातो. हे आम्ही बायकांना हप्त्याच्या कार्डावरच आकडे मांडून दाखवतो. एका मावशींनी असंच एक कर्ज सही करण्याआधीच नाकारलं. उद्यम नोंदणीचंही, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचंही, तेच. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, तरी आमच्यातल्या कितीतरी जणींनी त्यासाठी दलालाला पैसे मोजले होते.

दुकानात काय बघायचं, हेही शिकवायचं असतं. पाकिटावरची छापील किंमत, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना. वजनकाट्यावर वैधमापन खात्याची, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, मुदतीतली मुद्रा आहे का. एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली काट्यावर ठेवली तर बाटलीच्या वजनासह एक किलोपेक्षा थोडंसं जास्तच भरायला हवं. ही परीक्षा मुलांना फार आवडते. फसवणूक झाली तर पावती जपायची आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करायची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, हे सांगितल्यावर बायका दोनदा विचारून खात्री करून घेतात. पावती मागायची सवय मात्र अजून लागायची आहे.

आता दुरुस्तीचा वर्ग सुरू करायचा आहे. पंखा हळू फिरतो, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. मिक्सर थांबतो, तर कार्बन ब्रश झिजलेले असतात. इस्त्रीची वायर तुटते. थोडक्या किमतीच्या भागासाठी अख्खी वस्तू भंगारात जाते आणि नवीन हप्त्यावर येते. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम उभा केला आणि हाताने काम करत शिकता येतं हे दाखवून दिलं. तीच वाट आमच्या खोलीपर्यंत यावी, अशी फार इच्छा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आत्ताच टेस्टर घेऊन मागे लागल्या आहेत.

यासाठी चार शिलाई मशीन हवी आहेत; जुनी, पायाची, बंद पडलेली असली तरी चालतील, दुरुस्त करणं हाही धड्याचाच भाग होईल. कापडाच्या कडा शिवणारं एक ओव्हरलॉक मशीन हवं आहे. वीज तपासायचे पाच मल्टीमीटर, वायरी डाग देऊन जोडायची पाच सोल्डरिंग आयर्न, पान्हे-पकडी आणि एक चांगला डिजिटल काटा. खोलीतली वायरिंग जुनी आहे. मुली विजेचं काम शिकणार म्हटल्यावर अर्थिंग आणि गळती झाली तर वीज तोडणारा स्विच आधी बसवायला हवा. रोख देणगी आली तर पहिला खर्च तिथेच होईल. बिडीच्या मजुरीतून मंडळाच्या बायका महिन्याला दहा-दहा रुपये काढतात, पण एवढं काम त्यात होणार नाही.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. निवृत्त वायरमन, आयटीआयचे शिक्षक, टेलर, बँकेत काम केलेले, ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते, कुणीही या. आठवड्यातून दोन तास पुरे. तेलुगू येत असेल तर आणखी बरं, आमच्या बऱ्याच आजीबाईंना मराठीपेक्षा तीच जवळची आहे. सोलापूरबाहेर राहणाऱ्या सोलापूरकरांनी गावी येताना घरातला बंद मिक्सर किंवा पंखा आणला, तरी शिकायला कामी येईल.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि महिन्याचा जमाखर्च खोलीच्या दाराला लावला जाईल. तो मुलीच लिहितात. वस्तू द्यायची असेल किंवा शिकवायला यायचं असेल, तर या संदेशाला उत्तर द्या, आम्ही फोन करू. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ असतो. रविवारी सकाळी खोली उघडी असते, तेव्हा आधी येऊन पाहून जा, मग ठरवा.