शोकांतिकेचे मूळ आणि अंगात येणारा देव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीक रंगभूमीवरील आपल्या रविवारच्या लेखात, मद्याचा देव डायोनायसस याच्या भक्तांच्या उन्मादातून शोकांतिका थेट जन्माला आली, असे सरसकट विधान आहे. ते मला पटले नाही. शोकांतिकेचा आरंभ दिथिरँब या डायोनायससच्या समूहगीताच्या म्होरक्यांपासून झाला, असे ॲरिस्टॉटल म्हणतो खरा. पण अंगात येणाऱ्या भक्तांशी त्याने तिचा संबंध कुठेच जोडलेला नाही. ‘मीनाड’ म्हटल्या जाणाऱ्या भक्तिणींचे विधी स्त्रियांचे असत. डेल्फीजवळच्या पार्नासस डोंगरावर त्या एका वर्षाआड, ऐन थंडीत जात. अथेन्सचा नाट्योत्सव मात्र दरवर्षी वसंतात, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर भरे. नट आणि कोरस (समूहगायक) सगळे पुरुष असत, कोरसचा खर्च शहराने नेमून दिलेला धनिक उचले आणि परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. इतका चोख बंदोबस्त काही अंगात आलेल्या मंडळींनी केलेला नव्हे.

तरीही देव तेथे होताच. उत्सवापूर्वी त्याची मूर्ती मिरवत आणली जाई आणि प्रेक्षागृहात पहिल्या रांगेतले मानाचे आसन त्याच्या पुजाऱ्याचे असे. विधी आणि नाटक एकाच देवाच्या छत्राखाली, पण वेगवेगळे, ही गोष्ट आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे तरंगांबरोबर (देवाच्या सजवलेल्या खांबांबरोबर) अवसार येतो, म्हणजे देव अंगात येतो, तेव्हा माणसे हात जोडून गाऱ्हाणे घालतात. जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर त्याच देवळापुढे दशावतारी नाटकमंडळी पेटाऱ्याची (सामानाच्या पेटीची) पूजा करून खेळाला उभे राहतात, तेव्हा तीच माणसे संकासुर या विनोदी राक्षसाच्या मालवणी कोट्यांना पोट धरून हसतात. अवसाराला कोणी टाळ्या देत नाही आणि संकासुराकडे कोणी कौल मागत नाही. (यावरून दशावताराचे ग्रीसशी नाते जोडण्याचा उत्साह मात्र कोणी दाखवू नये, तसा काहीही पुरावा नाही.)

ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘बाकाय’ या शोकांतिकेची लेखात एका ओळीत बोळवण झाली, याचे सर्वाधिक वाईट वाटले. उपलब्ध तीसेक शोकांतिकांपैकी डायोनायसस स्वतः मुख्य पात्र असलेली ही एकच. थीब्जचा राजा पेन्थिअस या देवाला मानत नाही. किथेरॉन डोंगरावर उन्मादातल्या बायका त्याला फाडून टाकतात आणि त्यांच्या पुढे असते त्याची आई अगावे. हे रंगमंचावर घडत नाही, निरोप्या येऊन सांगतो. प्रेक्षकांना दिसते ती मुलाचे शिर सिंहाचे समजून मिरवणारी आई. तिचा म्हातारा बाप कॅडमस तिला आधी आकाशाकडे पाहायला सांगतो. ते पूर्वीसारखेच दिसते की बदलले आहे, असे विचारतो. ते अधिक उजळ दिसते, असे ती म्हणते. मग तो नवऱ्याचे नाव विचारतो, मुलाचे विचारतो आणि शेवटी हातातले शिर कोणाचे, ते विचारतो. अंगातला देव उतरताना माणूस पायरीपायरीने शुद्धीवर कसा येतो, याचे इतके जवळून केलेले चित्रण विधीत बेभान झालेल्याच्या हातून होणे अशक्य. त्याला बाजूला उभे राहून पाहणारा नाटककारच हवा. हे नाटक युरिपिडीसच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०५ च्या सुमारास, त्याच देवाच्या उत्सवात झाले आणि त्या स्पर्धेत पहिले आले.

लेखमालेच्या पुढील भागात ‘बाकाय’ला स्वतंत्र जागा मिळावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ला