सोमवारपासून भाई येणार आहेत

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई रडली असती, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

सोमवारपासून सकाळी सात ते अकरा एक अटेंडंट भाई येणार आहेत. ब्यूरोशी बोलणं झालंय, महिन्याचे पैसेही भरलेत, त्यामुळे आता नको म्हणायचं नाही. फतेगंजमध्येच राहतात, पन्नाशीचे आहेत, स्वतःच्या वडिलांचं शेवटपर्यंत सगळं त्यांनी केलंय, मी दोनदा व्हिडिओ कॉलवर बोलून घेतलं. अंघोळ, दाढी, कपडे, डायपर सगळं ते बघतील. आई, तू कुठे कमी पडलीस म्हणून नाही गं हे. तुझं मनगट अजून सुजलेलं आहे, आणि मी इंदूरला बसून रोज सकाळी साडेसातला घड्याळाकडे बघते की आता तू बाबांना उठवत असशील.

मे महिन्यातलं डोळ्यांपुढून जात नाही. बाबा, तुम्ही बाथरूममध्ये पडलात आणि अर्धा तास ओल्या फरशीवर बसून राहिलात, पंचा छातीशी घट्ट धरून, पण एक हाक मारली नाहीत. मी दार ढकललं तर म्हणालात, मला असं बघू नकोस.

असं म्हणजे कसं, बाबा? आजीच्या मयताला फादरांनी शवपेटीभोवती धूप फिरवला तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, देवाला देतात तो धूप आजीला का? तुम्ही म्हणालात, हे शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर होतं म्हणून, बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना पत्रात तेच लिहिलंय. आजी तर दोन वर्षं अंथरुणातच होती, आईने तिचं सगळं काढलं. तिचं शरीर मंदिर, मग तुमचं का नाही?

लहानपणी १५ ऑगस्टला आधी चर्चमध्ये मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिसा, म्हणजे उपासना, आणि मग झेंडावंदन असायचं, मला वाटायचं स्वर्गोन्नयन म्हणजे ढगांवरून वर जाणं, बस. आता त्यातला एक शब्द मला सोडत नाही. १ नोव्हेंबर १९५० ला पोप पायस बारावे यांनी जो धर्मसिद्धांत जाहीर केला त्यात नुसता आत्मा नाही, शरीर आणि आत्मा दोन्ही म्हटलंय. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, माणसांच्या देहांचं काय काय झालं ते जगाने बघितलं होतं, आणि तेव्हा चर्चने सांगितलं की मरियेचा देह देवाजवळ आहे, आणि आपल्याही देहाचं पुनरुत्थान आहे. तिला मरण आलं की नाही हेसुद्धा त्यात सांगितलेलं नाही, पृथ्वीवरचं आयुष्य पुरं झाल्यावर, एवढंच. म्हणजे नाझरेथमध्ये राबलेले हात, क्रुसाखाली उभे राहिलेले पाय, ते सगळं देवाला हवं होतं. आणि शुभवर्तमानात लूक लिहितो ना, तिने बाळ येशूला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत निजवलं. ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो त्याचे कपडेही कोणीतरी बदललेच होते, बाबा. त्याने ते करून घेतलं. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा नको म्हणाला तो पेत्र, आणि त्याला प्रभूने काय उत्तर दिलं, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, ते तुम्हीच मला शिकवलंय.

मला तुमचे हात आठवतात. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून आलात की नखांत काळं ग्रीस असायचं, शनिवारी रात्री मोरीत बसून लिंबाच्या सालीने घासायचात, रविवारी कम्युनियन घ्यायचं म्हणून, आणि तरी थोडं राहायचंच. त्याच हातांनी माझा फुटलेला गुडघा धुतलात, फुंकर घालत घालत. मला तेव्हा लाज नाही वाटली हो, फक्त बरं वाटलं.

आता ऐका. भाईंसमोर दार आतून लावायचं नाही. भिंतीला दांडा बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. पाणी तुम्हाला हवं तसं कडकच असेल आणि तुमचा तोच जुना तांब्या, मी भाईंना सांगितलंय, आणि पाठ आईच पुसेल हेही सांगितलंय. आई, पाठ पुसायची वेळ सोडली तर तू बाहेर बस, पेपर वाच, भाखरी थापायची नाहीये महिनाभर, पोळ्यांच्या बाई जास्तीच्या करतील. गोळ्यांचा डबा फ्रिजवर नको, टेबलावर ठेव. पटलं नाही तर महिन्याने परत बोलू, मी जबरदस्ती नाही करणार, पण महिना तरी द्या मला.

१३ तारखेचं शांती एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. १५ ला आपण तिघं मिसाला जाऊ, व्हीलचेअर मी ढकलेन, बाबांचा पांढरा शर्ट इस्त्रीला देऊन ठेव. आणि सोमवारी भाईंना चहा विचार, साखर कमी घेतात ते.

तुमची,
बेबी