शी झाली का, हे पण विचारा ना!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

६ ऑक्टोबरच्या जागतिक सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) दिनाच्या निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. फिजिओ, स्पीच थेरपी, फिट्स, स्प्लिंट, बोटॉक्स, सगळं होतं त्यात आणि लेख चांगलाच होता, पण सीपीच्या मुलांच्या घरात रोज सकाळी ज्या विषयावर सगळ्यात जास्त बोलणं होतं त्याबद्दल एक ओळ नाही. तो विषय म्हणजे शी. पेपरात असलं काय लिहायचं असं वाटणाऱ्यांनी हे पत्र सोडून शब्दकोडं सोडवावं, पण ज्यांच्या घरी असं मूल आहे ते शेवटपर्यंत वाचतील याची मला खात्री आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, सीपी आहे, बसायला आधार लागतो, बोलत नाही. अशा मुलांना बद्धकोष्ठ होणं अगदी कॉमन आहे आणि त्याची कारणं पण उघड आहेत. चालणं-फिरणं नाही त्यामुळे आतडी सुस्त, कुंथायला पोटाच्या स्नायूंत जोर लागतो तो नाही नाहीतर ते नको तिथे आवळलेले, गिळायला त्रास म्हणून पाणी कमी जातं, आणि खाणं म्हणजे दूध-बिस्कीट, मऊ भात, साबुदाण्याची खीर, जे घशाखाली पटकन उतरतं ते. त्यात भर औषधांची. लाळ गळते म्हणून किंवा अंग पिळवटतं म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, ते जसं लाळ कमी करतं तसं आतड्याची हालचालही मंद करतं. लोहाच्या सिरपनेही काही मुलांची शी घट्ट होते. हे प्रिस्क्रिप्शन लिहितानाच सांगितलं तर आईबाप सावध राहतील की नाही? आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मूल बोलत नसलं की पोट दुखतंय हे कळणार कसं? ते जेवण तोंडातून ढकलतं, रात्री रडतं, अंग जास्त कडक करतं, काहींच्या फिट्स वाढतात. मग आपण न्यूरोलॉजिस्टकडे पळतो, फिटचा डोस वाढतो, आणि पोटात शीचे खडे तसेच. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे जुलाब. आत घट्ट शी अडकून बसलेली असते आणि तिच्या कडेकडेने पातळ शी झिरपत राहते, डायपर दिवसातून पाचदा खराब, सगळे म्हणतात पोट बिघडलंय, जुलाब थांबवायचं औषध द्या. म्हणजे आगीत तेल! पोट फुगलेलं आहे, भूक नाही आणि पातळ शी थोडी थोडी सारखी होतेय, तर आधी डॉक्टरांना पोट दाबून बघायला सांगा.

आता घरगुती उपाय. आमच्याकडे शेजारच्या काकूंपासून मामेसासूंपर्यंत प्रत्येकीकडे एक आहे. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून, साबणाची कांडी, हिंगाचा लेप. लेपाने काही बिघडत नाही, पण साबणाने आतली नाजूक कातडी जळजळते आणि एकदा दुखलं की मूल शी धरून ठेवायला शिकतं, मग ती आणखी कडक होते, हे चक्र एकदा सुरू झालं की सुटत नाही. इसबगोलही सरसकट सगळ्यांना नको, त्याला भरपूर पाणी लागतं, कमी पाणी पिणाऱ्या मुलाच्या पोटात ते लगदा होऊन बसतं आणि गिळायचा त्रास असेल तर घशात अडकू शकतं. आणि लिक्विड पॅराफिनचं तेलकट पातळ औषध तर ठसका लागणाऱ्या मुलाला अजिबात देऊ नये, ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात तेलाचा न्यूमोनिया होऊ शकतो. मेडिकलवाला काउंटरवरून पटकन काढून देतो म्हणून मुद्दाम लिहितेय.

लहान मुलांसाठी डॉक्टर बहुतेक वेळा आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, नाहीतर लॅक्टुलोजचं पातळ औषध. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ राहते, रक्तात जवळजवळ जात नाही. आधी काही दिवस मोठ्या डोसने साचलेलं बाहेर काढायचं आणि मग रोजचा डोस, तोही महिनोन्महिने, कारण ताणून सैल झालेलं आतडं मूळ पदावर यायला वेळ घेतं. इथेच बहुतेक घरांत गाडी घसरते, चार दिवस बरं गेलं की आजी म्हणते बंद करा, सवय लागेल. या पावडरने आतडं आळशी होत नाही, उलट मधेच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. डोस मात्र मनाने ठरवू नका. अजून एक, ज्यांच्या मुलांना ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करून देतात त्यांच्यासाठी: स्टार्चच्या थिकनरने (पाणी दाट करायच्या पावडरने) घट्ट केलेल्या पाण्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉलची ही पावडर टाकली की पाणी परत पातळ होतं आणि ठसक्याचा धोका. थेरपिस्टना विचारून घ्या.

बाकी भिजवलेल्या मनुका कुस्करून, पपई, शेवग्याच्या शेंगेचा गर वरणात, आणि चमच्या-चमच्याने दिवसभर पाणी. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते म्हणून नाश्ता झाला की पाच-दहा मिनिटं बसवायचं. त्याआधी पोटाला मसाज, मुलाच्या उजव्या बाजूला खालून वर, मग आडवं, मग डावीकडे खाली, घड्याळाच्या काट्यासारखं. आणि बसवणं म्हणजे नुसतं कमोडवर लटकवणं नाही हो! पाय अधांतरी राहिले की आमची पोरगी सगळं अंग ताठ करते, तिथे शी कसली होणार. पाय पाटावर पक्के टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, पाठीला आणि बाजूला आधार. आमच्या इथल्या सुताराने लाकडी खुर्चीला भोक पाडून, खाली पाट आणि छातीला पट्टा लावून करून दिली, महागडी इम्पोर्टेड खुर्ची लागली नाही.

पोट टणक फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र घरी काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता मागणी. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, स्पेशल शाळेत, फिजिओकडे, प्रत्येक व्हिजिटला केसपेपरवर शीचा एक रकाना असावा: किती दिवसांनी, कशी, दुखतं का. याला निधी लागत नाही, जीआर लागत नाही. शाळांनी दिव्यांग मुलांसाठीच्या संडासाचं कुलूप काढावं, तिथे पाय टेकायला एक पाट ठेवावा. आणि तुम्हाला विनंती, पुढच्या पुरवणीत बालरोगतज्ज्ञांकडून यावर अर्धं पान लिहून घ्या, आणि बसवायची पद्धत चित्रासकट छापा, म्हणजे ते कापून सुताराला दाखवता येईल.

– एक आई, सांगली