पान 41 वरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तरी चाललं असतं, आपलं सगळं बोलणं तिथंच झालंय. पण चार लोकांसमोर लिहावंसं वाटलं. माझा प्रबंध परवा बांधून आला. त्यात तुम्ही ‘एक स्थानिक आरोग्य कार्यकर्ती’ आहात, बस, एवढंच. आणि इथंही नाव घालत नाहीये, कारण तुम्हीच बजावलं होतंत, “नाव नको टाकूस पोरी, वरचे विचारत बसतील.”

मी अमेरिकेत नक्की काय शिकते हे आजोळी कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. सार्वजनिक आरोग्य म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही, मग काय? आपल्याकडे हा विषय एमबीबीएसच्या पोरांना पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) म्हणून भेटतो, तोही बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. माझं मॅसॅच्युसेट्समधलं कॉलेज लहान, लिबरल आर्ट्सचं, म्हणजे एकाच विषयाला न चिकटता कला, विज्ञान सगळंच थोडंथोडं शिकायचं. तिथं या विषयाला स्वतःचा विभागच नाही. संख्याशास्त्र एका इमारतीत, मानववंशशास्त्र दुसरीकडे, जीवशास्त्र टेकडीवर, आणि आपण पाठीवर दप्तर टाकून तिन्हीकडे पळायचं. एका सत्रात तर मी मातीची भांडीही घडवली. आई फोनवर म्हणाली, “मडकी करायला एवढ्या लांब गेलीस?” शिष्यवृत्ती होती म्हणून निभावलं.

तिसऱ्या वर्षी एका तासाला जामखेड आलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेलं काम, आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायकांनी गावाचं आरोग्य कसं हातात घेतलं ते. वर्गातली पोरं ‘जॅमकेड’ म्हणत होती. माझं आजोळ तिथून पुढे, बीडच्या अंगाला. मी हात वर केला आणि काय बोलावं तेच सुचेना. लहानपणापासून दर मे महिन्यात तिथून एसटीने गेलेय, पण त्या वेळी मला फक्त स्टँडवरचा उसाचा रस आठवला. त्या संध्याकाळी तुम्हाला पहिला मेसेज केला. इथं रात्रीचे नऊ, तुमच्याकडे सकाळचे साडेसात. तुम्ही लसीकरणाच्या यादीत गुंतला होतात, तरी दीड मिनिटाचा आवाज पाठवलात.

उन्हाळ्यात मी प्रश्नावली घेऊन गावात आले. विषय होता, घरात शौचालय असूनही लोक बाहेर का जातात. त्याआधी कॉलेजच्या नीतिमत्ता समितीने दोन पानांचं संमतिपत्र पक्कं केलं होतं, खाली सही किंवा अंगठा. तुम्ही ओसरीवर बसून ते पूर्ण वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, “अंगठा मागू नकोस. अंगठा म्हटलं की माणसाला सोसायटीचं कर्ज आठवतं.” त्या रात्री मी समितीला ईमेल केला. तोंडी संमती चालेल असं उत्तर यायला आठ दिवस गेले. तेवढ्यात तुम्ही त्या दोन पानांची पाच वाक्यं करून दिलीत, आणि ‘तुमची इच्छा नसेल तर’ हे वाक्य सगळ्यात वर घेतलंत.

मग घरं सुरू झाली. ‘तुम्ही शौचालय वापरता का?’ बारा घरं, बारा ‘हो’. मी खूश. तुम्ही दारात उभ्या राहून पदराआड हसत होतात. बाहेर आल्यावर म्हणालात, “सरकारनं बारा हजार दिलेत, नाही कोण म्हणंल? आधी टमरेल कुठं आहे ते बघ. आणि सुनेला तिचं विचारू नकोस, सासरा कुठं जातो ते विचार. ती स्वतःबद्दल बोलायची नाही, सासऱ्याबद्दल बोलंल.”

तेराव्या घरात टमरेल बाभळीच्या फांदीला अडकवलेलं होतं आणि शौचालयात तुरीच्या काड्यांचं सरपण छतापर्यंत रचलेलं. सासऱ्याबद्दल विचारलं तर सून घडाघडा बोलली. पाणी कुठून आणायचं, खड्डा भरला तर उपसायचा कुणी, आणि म्हाताऱ्याला चार भिंतींत कसं कोंडल्यासारखं होतं. पहिली बारा घरं मला परत करावी लागली. घरातल्या एकेका माणसाबद्दल वेगळं विचारायचं, हे मी नंतर संशोधनाच्या पुस्तकात वाचलं. तिथं त्याला लांबलचक नाव आहे.

आमच्या इतिहासाच्या बाईंनी 1721 सालची बॉस्टनमधली देवीची साथ शिकवली होती. ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने आपल्या मालकाला, कॉटन मॅथर या धर्मगुरूला, सांगितलं होतं की आमच्याकडे देवीचा पू मुद्दाम कातडीत घालतात, मग मोठा आजार होत नाही. त्या साथीत डॉक्टर बॉयल्स्टनने ते करून पाहिलं. टोचलेल्यांपैकी शंभरात दोनेक दगावले, एरवी ज्यांना देवी आल्या त्यांच्यातले चौदाच्या आसपास. आकडे मांडून उपचार तोलण्याचं हे फार जुनं उदाहरण. तेव्हा मी मॅथरवर चिडून निबंध लिहिला होता. पण त्याने 1716 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात ओनेसिमसचा उल्लेख तरी केला होता. मी ‘एक स्थानिक कार्यकर्ती’ टाईप केलं तेव्हा तो निबंध आठवला आणि कसंसंच झालं. नियमाने बरोबर आहे, तुमचीही तीच इच्छा होती, तरीही.

2005 पासून तुम्हा आशाताईंना सरकार कागदावर स्वयंसेविका म्हणतं आणि कामागणिक पैसे देतं. माझ्यामागे हिंडलात त्या तीन आठवड्यांचे कुठल्याच रकान्यात बसले नाहीत. मी देऊ केले तेव्हा तुम्ही रागावलात, आणि जाताना माझ्याच हातात शेंगदाण्याची चटणी दिलीत. ती डिसेंबरपर्यंत पुरवली.

प्रबंधाची एक प्रत मामाबरोबर पाठवतेय. इंग्रजीत आहे, तुमची मुलगी वाचून दाखवेल. पान 41 वर टमरेलाचं तुमचं वाक्य मराठीतच ठेवलंय, देवनागरीत. परीक्षकांनी भाषांतर मागितलं, ते तळटीपेत दिलं. त्या पानात बसचं तिकीट घालून ठेवलंय, लगेच सापडेल.

तुमची,
पाटलांच्या वाड्यामागची भाची