तेजी येणार म्हणता, पण कुणाच्या दारात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापड बाजारात परत तेजी येणार, रोजगार वाढणार अशी बातमी मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चहाच्या गाड्यावर ती बातमी आम्ही चौघं मिळून वाचत होतो, त्यातल्या तिघांनी माग विकलेत आणि चौथ्याचे बंद आहेत, त्यामुळं ही तेजी नेमकी कुणाच्या दारात येणार हे विचारावंसं वाटलं. पत्र जरा लांबलंय, काटछाट करा, पण कांडीबद्दल, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळीबद्दल, जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

मी इचलकरंजीचा, कबनूर बाजूचा. वडिलांनी चार मागावर सुरुवात केली, माझ्या वेळी आठ झाले. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) त्याचं, आपण फक्त विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे इंचात किती आडवे धागे बसतात त्यावर, मजुरी घ्यायची. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगतो, 52 पिकाचं कापड आणि पिकाला पाच पैसे धरले तर मीटरला होतात 2 रुपये 60 पैसे. त्यातले निम्म्याहून जास्त कामगाराला, मग लाईट बिल, कांडी, माग दुरुस्त करणारा जॉबर, दिवाणजी, तेल, धोटे, आणि उरलं तर मालक. मालक म्हणायचं फक्त, आठ मागाचा मालक रात्रपाळीला कामगार आला नाही की स्वतःच मागावर उभा असतो.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथं शेती नसलेल्या माणसालासुद्धा उपाशी राहावं लागलं नाही असं आमची म्हातारी माणसं सांगायची. मंदी तेव्हाही यायची. दिवाळीनंतर एक यायची, पावसाळ्यात एक यायची, माल पडून राहायचा, दोन महिन्यांनी राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्याचे व्यापारी खरेदीला उतरायचे की परत सगळं चालू. आताची मंदी तसली नाही. 2016 च्या नोटाबंदीत आठवड्याचा पगार द्यायला रोकड नव्हती, ते सावरतंय तोवर 2017 ला जीएसटी आला, आयुष्यात कधी वही नीट न लिहिलेली माणसं सीएकडं रांगेत बसायला लागली. मग 2020 चं लॉकडाऊन, यूपी-बिहार-ओडिशाचे कामगार गेले ते सगळे परत आलेच नाहीत. आणि 2022 ला कापसाची खंडी एक लाखाच्या वर गेली! खंडी म्हणजे 356 किलो रुई. सूत रोज वाढायचं आणि कापडाला मात्र गिऱ्हाईक नाही, व्यापारी म्हणायचे थांबा जरा, नवीन बीम नको, आणि बीम नाही म्हणजे खर्चीवाल्याला थेट सुट्टी. माझ्याकडं त्या उन्हाळ्यात आठातले तीनच माग फिरत होते.

प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं गेलं की आता सुधारणार. 2024 च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशात सरकार पडलं तेव्हा तर व्हॉट्सॲपवर नुसता उत्साह, तिकडच्या ऑर्डरी आता आपल्याकडं येणार म्हणून. अहो, त्या ऑर्डरी शर्ट-पँटच्या, आम्ही विणतो ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड. शिवणारे कारखाने आहेत कुठं गावात पुरेसे? उलट बांगलादेश हे आपल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक, ते अडचणीत आलं तर आपल्या गिरण्यांचं सूत पडून राहणार. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं 50 टक्के टॅरिफ लावला तेव्हा आमच्यातले काही म्हणाले, आपण कुठं एक्स्पोर्ट करतो, आपल्याला काय. पण तिरुपूरचा तयार कपड्यांचा माल अडला की तो देशातल्या बाजारात स्वस्तात उतरतो, मग आपल्या कापडाला विचारणार कोण, एवढं साधं आहे ते.

सरकारनं काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही. वीज सवलतीत 27 अश्वशक्तीच्या आतल्यांना युनिटला जादा 1 रुपया आणि वरच्यांना 75 पैसे दिले, त्याचा आधार झाला. पण सवलत चालू मागाला मिळते. बंद माग युनिटच जाळत नाही, सवलत कसली?

एक कायदा मात्र चांगला म्हणून आला आणि आमच्याच अंगावर पडला. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, नाहीतर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी धरणार नाही, असा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. वाचून मी पेढे वाटायच्या बेतात होतो, कारण आमच्या धंद्यात नव्वद दिवस, एकशे वीस दिवस उधारी म्हणजे काही विशेष नाही. आणि मार्चमध्ये ज्यांचं काम मी पंधरा वर्षं केलं त्या व्यापाऱ्याचा फोन, ‘तुमचं ते उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करून टाका, नाहीतर आम्हाला दुसरीकडं काम द्यावं लागेल.’ उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ती नसली की 45 दिवसांचा नियम लागत नाही. रागावून नव्हे, अगदी गोडीत. त्यांचंही पुढं कुठंतरी अडकलेलं असणार. मी रद्द केलं. बँकेत गेलो तर तिथं मॅनेजर पहिलं विचारतो, उद्यम सर्टिफिकेट कुठाय? आता बोला.

त्यानंतर सहा महिन्यांत माग विकले. विकले म्हणजे भंगारात, किलोवर. वजनकाट्यावर टेम्पो चढला तेव्हा मी चिठ्ठी बघितली नाही, मुलानं बघितली.

आता मूळ मुद्दा. तेजी येईलही, मी नाही म्हणत नाही. यड्राव-तारदाळकडं एअरजेटचे, म्हणजे हवेच्या झोतावर चालणाऱ्या नव्या मागांचे, शेड उभे राहतायत, मी स्वतः त्यातल्याच एकात सुपरवायझर म्हणून रात्रपाळी करतो, पगार वेळेवर होतो, तक्रार नाही. पण आमचा साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिक टाकायचा, एअरजेट सहाशेच्या वर टाकतो. दहा एअरजेट म्हणजे साधारण पन्नास साधे माग. पन्नास साध्या मागांना एका पाळीला सात-आठ विणकर तरी लागायचे, दहा एअरजेट एक माणूस बघतो. म्हणजे गावातून कापड पूर्वीइतकंच निघालं, अगदी दुप्पट निघालं, तरी माणसं पूर्वीइतकी लागत नाहीत. पेपरात मीटर वाढलेले दिसतील आणि लोक म्हणतील मंदी उठली.

त्यात कांडीचं तर कुणी बोलतच नाही. साध्या मागात आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा असतो, धोट्यात कांडी लागते, आणि कांड्या भरायच्या बायकांनी, शेडमध्ये नाहीतर घरच्या पडवीत. माझ्या बायकोनं वीस वर्षं भरल्या, शेजारच्या दोघी विधवा बायकांचं घर त्याच्यावर चाललं, एकीनं पोरगीला नर्सिंग केलं कांडीच्या पैशावर. एअरजेटला धोटाच नाही, वाऱ्यानं बाणा, म्हणजे आडवा धागा, फेकतात, मग कांडी कशाची? हे काम कमी नाही झालेलं, ते नाहीसंच झालंय. या बायकांची नोंद कामगार म्हणून कधीच नव्हती, त्यामुळं त्या बेकार झाल्याची नोंद होण्याचाही प्रश्न नाही. वहिफणीवाल्यांचं, म्हणजे नव्या बीमचे धागे मागाला जोडणाऱ्यांचं, थोडंफार तसंच, गाठी मारायला मशीन आलंय.

मशीन नको असं म्हणायला मी वेडा नाही. साध्या मागाचं कापड चीनच्या काय सुरतच्याही पुढं टिकत नाही, हे आम्हाला पण कळतं. पण अनुदान देताना नुसती मशीनं मोजू नका, त्या मशीनमागं किती नावं पगारपत्रकावर आहेत ते बघा. आणि कापड इथं विणून शिवायला बाहेर पाठवायचं हे कधीतरी थांबवा, शिलाईला माणसं लागतात, त्यातही बायका जास्त लागतात, कांडी गेलेल्या बायकांना बसल्या जागी ते काम शिकता येईल. गावात डीकेटीईसारखं टेक्स्टाइलचं कॉलेज आहे, तिथली पोरं शिकून सुरत-तिरुपूरला जातात, त्यांना थांबायला इथं काहीतरी पाहिजे की नको? उधारीचा नियम ठेवा, पण तो रजिस्ट्रेशन नसलेल्यालाही लावा, म्हणजे कुणाला रद्द करायला सांगायची सोयच राहणार नाही.

आणि इचलकरंजीत सव्वा लाख माग हा आकडा लिहिणं कृपया थांबवा. मी पोरगेला होतो तेव्हापासून ऐकतोय. आता किती चालू आहेत हे कुणीतरी दारोदार जाऊन मोजलं पाहिजे. आपला वार्ताहर पाठवायचा असेल तर रात्री दहानंतर पाठवा, कबनूर ते शहापूर मोटरसायकलवर हळू फिरू. पूर्वी त्या वेळी शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागायचं, आता कुठल्या शेडमध्ये खडखड चालू आहे ते कानानं सांगता येतं. चहा माझ्याकडं.

आपला नम्र,
एक माजी यंत्रमागधारक, इचलकरंजी