आबांच्या मालमत्तेच्या किमतीबाबत

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या मालमत्तेच्या वाटणीचा तू पाठवलेला हिशेब काल ओसरीवर बसून दोनदा वाचला. बेरीज बरोबर आहे, पण मापे दोन वापरली आहेस. वावर तू रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी आणि कमी असलेल्या दराने धरलेस आणि दारव्ह्याच्या प्लॉटला मात्र दलालाने सांगितलेला बाजारभाव लावलास; वावर आपल्याकडे राहायचे आणि प्लॉट तुझ्या आत्याकडे जायचा असल्यामुळे या फरकाचा सगळा लाभ आपल्याच पदरात पडतो. तुझ्या मनात तसे नसेलही, पण ती माझ्याइतकीच वारस आहे.

रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कापुरता ठीक. त्याला आपल्या विहिरीत मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असते हे ठाऊक नाही, तशीच नाल्याकडची बरड पट्टीही दिसत नाही, जिथे आबांनी तीनदा तूर पेरून पाहिली आणि शेवटी पळसाला मोकळी सोडली. सातबाऱ्यावर ती पट्टी पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून वेगळी लिहिलेली आहे. तिला काळ्या जमिनीचा भाव लावणे हेही चूकच. म्हणून शेजारच्या गटांची गेल्या दोन-तीन वर्षांतील नोंदवलेली खरेदीखते काढावीत आणि वावर, प्लॉट व घर या तिन्हींची किंमत एकाच नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून, एकाच तारखेची करून घ्यावी. गावठाणातल्या घराला सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, आहे. भिंती मातीच्या असल्या तरी आढ्याचे सागवान मोजायला लावू.

आणखी एक गोष्ट तुझ्या हिशेबात नाही. आपले गाव दारव्हा नगरपालिकेच्या हद्दीपासून 11 किलोमीटरवर असल्याने आपले वावर आयकरासाठी ग्रामीण शेतजमीन ठरते आणि ते विकले तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. आत्याने प्लॉट विकला तर मात्र लागेल. म्हणजे कागदावर दोघांची किंमत सारखी लिहिली, तरी तिच्या हातात कमीच पडेल. प्लॉट आबांनी 1987 साली घेतलेला असल्यामुळे करासाठी त्याची खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. तीही त्याच वेळी लिहून घेऊ आणि कराची अंदाजी रक्कम वाटणीत तिला भरून देऊ. आत्याने आपला हिस्सा सोडून देण्याचा, म्हणजे हक्कसोडपत्राचा, विषय कृपया पुन्हा काढू नकोस.

मोजणीच्या दिवशी आत्यालाही धुऱ्यावर बोलावले आहे. प्लॉटचे मूळ खरेदीखत तुझ्या पुण्याच्या कपाटात आहे, ते येताना घेऊन ये.

तुझे,
बाबा