मेलेल्या जीन्सचा हिशोब: मंदारला पत्र

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. बाकी सगळं वाचून छान वाटलं पण शेवटचा पॅरा डोक्यातून जाईना. तू लिहिलंयस की परजीवी जंतूंच्या जीनोममधले, म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएमधले ते इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे म्हणजे निव्वळ कचरा, त्यांच्यामागे लागण्यापेक्षा या लोकांनी औषधांवर काम करावं. तू रोज पेशंट बघतोस, त्यामुळे तुझी चिडचिड मला कळते. पण या मुद्द्यावर मला तुझ्याशी भांडायचंय आणि फोनवर ते धड होत नाही, म्हणून लिहायलाच बसलो. निवांत वेळ काढून वाच.

आधी थोडी उजळणी करू, तुला कंटाळा आला तर पुढे सरक. बार्बरा मॅकक्लिंटॉकने 1940 च्या दशकात मक्याच्या दाण्यांच्या रंगांवरून ओळखलं की काही जीन्स जागा बदलतात. लोकांनी कितीतरी वर्षं मनावर घेतलं नाही, नोबेल मिळालं ते थेट 1983 साली. या तुकड्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात, त्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक कट-पेस्टवाले, म्हणजे डीएनएमधून सुटायचं आणि दुसरीकडे जाऊन बसायचं. दुसरे कॉपी-पेस्टवाले, रेट्रोट्रान्सपोझॉन, हे जागचे हलत नाहीत, स्वतःची आरएनए कॉपी काढतात, मग (या पत्रात येणाऱ्या जातींमधे तरी) त्यांचंच एन्झाइम नव्या जागी डीएनएला चीर पाडतं आणि त्या चिरलेल्या टोकापासूनच आरएनए वाचत वाचत नवा डीएनए लिहीत जातं. म्हणजे दर उडीला जुनी कॉपी तशीच आणि वर एक नवीन. आणि काही तुकडे असे की त्यांच्याकडे स्वतःचं एन्झाइमच नाही, मोठ्या भावाचं वापरून पसरतात, अगदी आयत्या बिळावर नागोबा.

आता निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी घे. त्यात इंगी नावाचा साधारण 5 हजार अक्षरांचा (अक्षरं म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी) रेट्रोट्रान्सपोझॉन आहे आणि त्याचा तो नागोबा म्हणजे राइम, जेमतेम 500 अक्षरांचा, इंगीची दोन टोकं जोडून मधलं सगळं गाळल्यासारखा. पण मला खरं वेड लावलं ते स्लॅक्स नावाच्या दुसऱ्या रेट्रोट्रान्सपोझॉनने. ट्रिपॅनोसोमच्या प्रत्येक मेसेंजर आरएनएच्या (प्रोटीन बनवण्यासाठी काढलेली जीनची कॉपी) सुरुवातीला 39 अक्षरांचा एकच ठरलेला तुकडा जोडला जातो, स्प्लाइस्ड लीडर म्हणतात त्याला, तो नसेल तर एकही प्रोटीन बनणार नाही. या लीडरच्या जीनच्या शंभरावर कॉपीज एका ओळीत लागून असतात. स्लॅक्स नेमका त्यातल्याच काही कॉपीजमधे घुसतो, आणि कुठेही नाही, बरोबर 11 व्या आणि 12 व्या अक्षराच्या मधे! चागास रोगाच्या ट्रिपॅनोसोमा क्रुझीमधे त्याचा भाऊबंद आहे झार, तोही त्याच ठिकाणी. इतक्या कॉपीज असताना चार-दोन बिघडल्या तरी पेशीला फरक पडत नाही, पेशी जगली की तिच्याबरोबर हाही जगला. कुणी विचार करून ठरवलेलं नाही हे, भलतीकडे घुसणारे आपल्या पेशीसकट संपले आणि असे उरले, पण ती अचूकता बघून मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

बाकीच्या जंतूंचं पटापट सांगतो. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास व्हजायनॅलिसचा जीनोम 2007 ला आला तेव्हा सगळे चाट पडले, सुमारे 16 कोटी अक्षरं आणि त्यातला दोन तृतीयांश भाग नुसत्या रिपीट्सचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा. त्यातही मॅव्हरिक नावाचे अवाढव्य ट्रान्सपोझॉन, एकेक 15-20 हजार अक्षरांचा, स्वतःचा डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची कॉपी काढणारं एन्झाइम, बाळगणारे. रिपीट्सच्या कॉपीज एकमेकींशी इतक्या जुळतात की हा सगळा फुगवटा उत्क्रांतीच्या हिशोबाने अगदी अलीकडचा असणार. जुलाब करणाऱ्या जिआर्डियात रेट्रोट्रान्सपोझॉनची तीन घराणी सापडली, दोन क्रोमोसोमच्या टोकांना गप बसून आणि तिसरं मेलेलं. आमांशाच्या एंटअमीबा हिस्टोलिटिकावर दिल्लीच्या जेएनयूमधे सुधा भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं काम केलंय, 2012 चा त्यांचा पेपर जरूर वाच. त्यांनी एक खूण केलेला साइन, म्हणजे परत तसलाच नागोबा, पेशीत घातला आणि तो उडी मारून नव्या जागी बसलेला पकडला, आणि गंमत म्हणजे बऱ्याच नव्या कॉपीज भेसळीच्या निघाल्या, अर्धा भाग घातलेल्या साइनचा आणि अर्धा जीनोममधल्या जुन्याचा. आणि या सगळ्याच्या उलट मलेरियाचा प्लाझमोडियम फाल्सिपेरम. 2002 साली सगळा जीनोम वाचून झाला, 14 क्रोमोसोम, सव्वादोन कोटीच्या वर अक्षरं, आणि ट्रान्सपोझॉन एकही नाही. साफ कोरी पाटी.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. लेशमॅनिया. काळा आजार करणाऱ्या लेशमॅनिया डोनोव्हनीचा भाऊ लेशमॅनिया मेजर, त्याचा जीनोम 2005 ला दोन्ही ट्रिपॅनोसोमबरोबरच आला, आणि पहिल्या नजरेत असं दिसलं की याच्यात उडी मारू शकणारं काहीच शिल्लक नाही, सगळी मढी. म्हणजे तुझ्या भाषेत कचरा. पण 2007 साली ब्रँगो आणि पापाडोपुलू यांच्या टीमने ती मढी नीट मोजली, तर मोडक्या रेट्रोट्रान्सपोझॉनचे 500-600 अक्षरांचे तुकडे दोन हजाराच्या आसपास निघाले. त्यांना नाव दिलं सायडर, दोन प्रकार, सायडर-1 आणि सायडर-2. आणि ते कुठेही विखुरलेले नाहीत, बहुतेक सगळे जीन्सच्या शेपटीकडच्या भागात, म्हणजे मेसेंजर आरएनएमधे प्रोटीनचा मजकूर संपल्यावर जो भाग उरतो तिथे.

हे एवढं महत्त्वाचं का ते बघ. तुझ्यामाझ्या पेशीत प्रत्येक जीनच्या आधी स्वतःचा प्रमोटर असतो, जीन चालू करायचा की बंद ते मुख्यतः तिथे ठरतं. लेशमॅनियाकडे ही सोयच नाही. डझनावारी जीन्स एका दमात लांबलचक आरएनएमधे उतरवले जातात आणि मग तुकडे पाडले जातात. मग सँडफ्लाय या चावणाऱ्या माशीच्या पोटातून माणसाच्या मॅक्रोफेजमधे (जंतू गिळणाऱ्या पेशीत) आल्यावर, तापमान वाढलं, आम्लता बदलली, तर कुठलं प्रोटीन जास्त करायचं आणि कुठलं कमी हे तो ठरवणार कसं? जे काही ठरवायचं ते आरएनए तयार झाल्यावरच, कुठला किती टिकू द्यायचा आणि कुठल्यापासून किती प्रोटीन बनवायचं. आणि तिथेच ही मढी कामाला लागलेली दिसली! ज्या आरएनएच्या शेपटीत सायडर-2 आहे ते सर्वसाधारणपणे कमी प्रमाणात सापडतात कारण ते लवकर तुटतात. 2010 मधे हेही कळलं की तुटणं कसं सुरू होतं, सायडर-2 मधे 79 अक्षरांची एक ठरलेली खूण आहे, तिथेच एन्झाइम कात्री चालवतं, आधी आरएनएच्या अगदी टोकाची ए अक्षरांची माळ कुरतडत बसण्याची गरजच नाही. सायडर-1 चं काम वेगळं, ॲमास्टिन नावाचं प्रोटीन मॅक्रोफेजमधल्या अवस्थेत जास्त बनावं यात त्याचा हात आहे.

म्हणजे ज्याने एकेकाळी स्वतःच्या कॉपीज काढण्यासाठी जीनोमभर धुमाकूळ घातला, त्याच्या मढ्यांवर आज लेशमॅनियाच्या शेकडो जीन्सचा कारभार चाललाय. मंदार, मला सांग, याला तू कचरा म्हणशील?

पण मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. हल्ली जीनोममधला प्रत्येक तुकडा कशाचंतरी गुपित काम करतोच असं लिहायची लाट आहे, ते मला पटत नाही. ट्रायकोमोनासमधले ते हजारो मॅव्हरिक पेशीचं काही भलं करतात याला पुरावा नाही. लेशमॅनियाबद्दल मी ठामपणे बोलतो कारण तिथे सायडर काढून टाकल्यावर आरएनए जास्त टिकतो हे प्रत्यक्ष करून दाखवलंय. तसंच आरएनए इंटरफिअरन्सचं, म्हणजे नको ते आरएनए ओळखून तोडणाऱ्या यंत्रणेचं. ब्रुसीमधे ती यंत्रणा शाबूत आहे आणि इंगी आणि स्लॅक्सला ती दाबून ठेवते, लेशमॅनिया मेजरमधे यंत्रणाही गेली आणि ट्रान्सपोझॉनही मेले, त्यामुळे शत्रू संपल्यावर पहारा उठला अशी गोष्ट रचायचा मोह होतो. पण क्रुझीने यंत्रणा गमावली तरी त्याच्यात एलवनटीसी नावाचा रेट्रोट्रान्सपोझॉन अजून जिवंत आहे. मग ती गोष्ट सरळसरळ टिकत नाही आणि मला वाटतं ती तशी अर्धवटच राहू द्यावी.

आता तुझ्या औषधांकडे येतो. या रिपीट्समुळे लेशमॅनियात अजून एक भानगड होते. दोन सारखे तुकडे लांब लांब असले की त्यांच्यात रिकॉम्बिनेशन (डीएनएची तोडजोड) होऊन मधला भाग सुटतो आणि गोल किंवा लांब वेगळा डीएनए बनून त्याच्या कॉपीज वाढतात. 2014 साली क्यूबेकच्या गटाने दाखवलं की हे जीनोमभर सतत आपोआप चालू असतं, औषध नसतानाही, त्यामुळे जंतूंच्या गर्दीत थोड्या पेशींकडे आधीच एखाद्या जीनच्या जादा कॉपीज असतात आणि औषध आलं की नेमक्या त्याच वाचतात. अँटिमनी या लेशमॅनियावरच्या जुन्या औषधाला दाद न देणाऱ्या स्ट्रेन्समधे औषध पेशीतल्याच पिशव्यांमधे कोंडून ठेवणाऱ्या पंपाच्या जीनच्या कॉपीज अशाच वाढलेल्या सापडल्या आहेत. आणि ज्या रिपीट्सच्या आधाराने हे होतं त्यात आपले सायडरही आहेत.

निदानाचंही सांगतो. राइमच्या एका पेशीत शेकडो कॉपीज असल्यामुळे ती पकडणारी लॅम्प टेस्ट 2008 मधे तयार झाली, पीसीआरच्या महागड्या मशीनशिवाय चालते आणि रक्तात अगदी थोडे ट्रिपॅनोसोम असले तरी सापडतात. आणि ज्या प्लाझमोडियमकडे स्वतःचा ट्रान्सपोझॉन नाही, त्याच्यात संशोधकांनी एका पतंगाचा पिगीबॅक नावाचा ट्रान्सपोझॉन नेऊन सोडला. तो फक्त टीटीएए या चार अक्षरांपाशी बसतो, आणि प्लाझमोडियमचा जीनोम ए आणि टीनेच भरलेला, त्यामुळे त्याला जागाच जागा. 2018 मधे 38 हजारांहून जास्त म्युटंट बनवून त्यांनी पाहिलं की कुठल्या जीनमधे तो कधीच बसलेला सापडत नाही, म्हणजे तो जीन मोडला की जंतू मरतो. असे 2,680 जीन्स निघाले. नवीन औषधाचं टार्गेट शोधायला ही चांगली यादी आहे, तुला हेच तर हवं होतं ना?

एक काम कर. तुझ्याकडे दाद न देणारी लेशमॅनियाची केस आली आणि जंतूचं सिक्वेन्सिंग झालं तर फक्त म्युटेशनची यादी बघून फाइल बंद करू नको, कॉपी नंबरचा कॉलम मागून घे, आणि एखादा पट्टा वाढलेला दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना कुठले रिपीट्स आहेत तेवढं मला कळव.

तुझा,
निखिल